काच खाली घे

स्वप्नाली लग्न होऊन आमच्या गल्लीत आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना तिचं हसणं ओळखू यायला लागलं. शिवाजी पेठेतली आमची गल्ली अशी, की एका घरात फोडणी पडली की समोरच्या घरात ठसका लागतो. तिथं मोठ्यानं हसणारी सून लपून राहणं शक्यच नव्हतं. माहेर गडहिंग्लजचं. इथं आल्यावर जवळच्याच एका खाजगी शाळेत बालवर्गाला शिकवायला लागली. गाणी शिकवताना ती बेडूक व्हायची, म्हातारी व्हायची, गाल फुगवून ढग व्हायची. तिच्या वर्गातली पोरं घरी जाऊन आईबापांना बाईंसारखं तोंड करून दाखवायची.

नवरा अमरसिंह लक्ष्मीपुरीत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. बोलायला कमी, पण हौशी माणूस. त्याला व्हिडिओ काढायचा नाद होता. तालमीच्या संघाची फुटबॉल मॅच असो, रंकाळ्यावरची संध्याकाळ असो, याचा मोबाइल वर. सगळ्यात जास्त व्हिडिओ मात्र बायकोचेच. "जरा इकडं बघ," म्हणाला की ती हसायचीच. घरात सासू अंबूबाई, जिला सगळी गल्ली आक्का म्हणते. आक्का हळू बोलली तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जातं. आणि अनुजा, त्यांची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची.

त्या वर्षी जानेवारीत ही मंडळी अमरसिंहच्या मामाच्या गुऱ्हाळावर गेली. मामाचं गुऱ्हाळ कळंब्याच्या पुढं, उसाच्या रानात. आमच्याकडं हिवाळ्यात कुणाचं ना कुणाचं गुऱ्हाळ असतंच. रस प्यायचा, गरम काकवी भाकरीबरोबर खायची आणि दिवस मावळायला परत यायचं. अनुजा आजीच्या मांडीवर ऊस चोखत बसली होती. आत मोठ्या काहिलीत रस आटून घट्ट झाला होता. आटलेला रस साखळीनं काहील तिरकी करून शेजारच्या पसरट वाफ्यात ओततात. त्या वेळी असा वाफेचा लोट उठतो की पलीकडचं माणूस दिसत नाही. अमरसिंहला तोच लोट मोबाइलमध्ये पकडायचा होता, आणि त्यात बायको हवी होती.

साखळीची कडी निसटली. काहील एका बाजूला धाडकन आदळली आणि उकळत्या गुळाचा सपकारा वाफ्याच्या काठावर उभ्या असलेल्या स्वप्नालीच्या उजव्या अंगावर आला.

उकळतं पाणी अंगावरून ओघळून तरी जातं. गूळ चिकटून बसतो. तो काढायला गेलं की त्याच्याबरोबर कातडी येते. गूळ करणाऱ्या गुळव्यानं पाण्याची बादली तिच्या अंगावर ओतली, कुणी ओली पोती आणली. अमरसिंह मोबाइल हातात धरून जागीच उभा होता. आक्कानं नातीचं तोंड आपल्या पदरात दाबून धरलं आणि ओरडली, "आरं गाडी काढ की! बघत काय उभारलाईस!"

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. स्वप्नालीच्या तोंडाला पट्ट्या होत्या, एक डोळा आणि ओठांचा एक कोपरा तेवढा मोकळा. मामा दाराशी हात जोडून उभा होता, त्याच्या शेजारी अमरसिंह खाली मान घालून.

"कशा काय गेलासा इतक्या जवळ?" हवालदारानं विचारलं.

"माझी मीच गेलते," ती म्हणाली. "बघायला म्हणून."

हवालदारानं लिहून घेतलं. मामानं डोळे पुसले. गल्लीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं की पोरगीनं सासरच्या माणसांवर बोट ठेवलं नाही, आणि आम्ही सगळ्या बायकांनी तिचं कौतुक केलं. अमरसिंहला कुणी काही विचारलं नाही.

दवाखान्यात ती दोन महिने होती. मांडीची कातडी काढून गालावर, मानेवर लावली. उजवा कान जवळजवळ गेलाच. उजव्या डोळ्याची पापणी आखडली. डोळा मिटला तरी खाली एक फट राहायची. त्या वॉर्डात आरसा नव्हता. तिनं एक-दोनदा मागितला तर नर्स म्हणाली, "घाई काय हाय? घरला जाऊन बघशील की." आपला मोबाइलही अमरसिंहनं "बिघडलाय" म्हणून घरीच ठेवला होता. हाताला जाणवायचं तेवढंच तिला माहीत होतं, आणि हातालाही पट्टी होती.

घरी न्यायला तिचा थोरला भाऊ विजयसिंह गाडी घेऊन गडहिंग्लजहून आला. अमरसिंह सामान घेऊन स्कूटरवर मागून येतो म्हणाला. बहीण पुढं बसली. दुपार कलली होती आणि शिवाजी पेठेकडं येताना ऊन समोरून थेट तोंडावर येतं. नव्या कातडीला ते चावायला लागलं, म्हणून तिनं हात आडवा धरला.

"थांब, व्हायझर खाली घेतो," विजयसिंह म्हणाला. त्यानं एका हातानं स्टिअरिंग धरलं, दुसरा हात लांबवून तिच्या डोक्यावरची ती छोटी फळी खाली पाडली.

फळीच्या आतल्या बाजूला आरसा होता.

विजयसिंहला ते आठवलं तोवर उशीर झाला होता. त्यानं घाईनं फळी परत वर ढकलली. तिनं ती पुन्हा खाली घेतली.

"स्वप्ना, नको बघू आत्ता."

"दादा, गाडी चालव तू."

"अजून सुधारणार हाय गं. डॉक्टर म्हणालेत की, वर्षभर जाईल..."

"तू रस्त्याकडं बघ."

ती घरापर्यंत बघत होती. रडली नाही. दाराशी गाडी थांबल्यावर भावाला म्हणाली, "मला वाटलेलं त्यापेक्षा वाईट हाय." एवढंच. हे मला विजयसिंहनंच सांगितलं. सांगताना तो त्या फळीला शिव्या देत होता, जणू तिचाच दोष.

आम्हा शेजारणींना भीती होती ती अनुजाची. पोर दोन महिन्यांनी आईला बघणार, घाबरून किंचाळली तर काय करायचं? आक्कानं तिला कडेवरून खाली ठेवलं. पोर जवळ गेली, बराच वेळ बघत राहिली, मग आईच्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "दुखतंय?"

"थोडं."

"फुंकर घालू?"

तिनं फुंकर घातली आणि मग केळं मागितलं. तिच्यापुरता प्रश्न तिथंच मिटला. आक्का आत जाऊन रडून आली. अमरसिंह सामानाच्या पिशव्या ठेवून जो गॅलरीत गेला, तो दिवेलागणीपर्यंत आत आला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की नव्या कातडीला ऊन लागू द्यायचं नाही, बाहेर पडताना व्हायझरवाली टोपी घालायची. अमरसिंहनं ती आणली. वर डोकं उघडं आणि पुढं नुसता बाक आलेला, खेळाडू घालतात तशी. आक्कानं ती उलटीपालटी करून बघितली.

"ही टोपी म्हणायची? ह्याला वर कायच न्हाय. नुसता छज्जा हाय की ह्यो!"

त्या दिवशी स्वप्नाली हसली. ओठाचा एक कोपरा ओढल्यासारखा झाला आणि तिला दुखलं, पण हसली. अनुजा तो छज्जा घालून घरभर फिरली. त्यानंतर त्या घरातून तसं हसणं ऐकू आल्याचं मला बराच काळ आठवत नाही.

टोपीनं ऊन अडायचं, लोकांच्या नजरा नाही. भाजीवाली तिच्याकडून पैसे घेताना पिशवीकडं बघायची. ओळखीच्या बायका रस्ता बदलायच्या नाहीत, पण बोलताना तिच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहायच्या. मीसुद्धा. एकदा ती मला म्हणाली, "वहिनी, उजवीकडनंबी ऐकू येतंय मला थोडं."

शाळा जूनमध्ये सुरू झाली. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. त्यांनी तिला परत घेतलं, पण पंधरा दिवसांनी बोलावून सांगितलं, "बाई, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण पालकांचे फोन येतात. लहान मुलं आहेत, रात्री दचकून उठतात म्हणे. तुम्ही आतल्या खोलीत बसून हजेरीचं काम बघाल का?"

"पोरं घाबरली न्हाईत, मॅडम," स्वप्नाली म्हणाली. "पहिल्या दिवशी बघत होती. आता गाणी म्हणायला लागलीत."

"मुलांचं नाही म्हणत मी. पालकांचं म्हणते."

आतल्या खोलीत ती जेमतेम महिनाभर बसली. भिंतीपलीकडून नव्या बाई तीच गाणी शिकवायच्या, पण बेडूक होत नसत. मग तिनं शाळा सोडली.

त्याच सुमारास अमरसिंहनं हेल्मेट आणलं. लाल रंगाचं, पुढं काळी काच. दुकानदार त्याला वायझर म्हणतो, आम्ही सगळे काचच म्हणतो. ती काच खाली घेतली की आतलं माणूस बाहेरून अजिबात दिसत नाही. आमच्या कोल्हापुरात स्कूटरवरच्या पोरी एरवीही तोंडाला स्कार्फ गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात, त्यामुळं काळ्या काचेच्या बाईकडं कुणी वळूनसुद्धा बघत नाही. पहिल्यांदा ते घालून ती अमरसिंहच्या मागं बसून रंकाळ्याला जाऊन आली, तेव्हा खुलली होती. "वहिनी, कुणी म्हणजे कुणी बघितलं न्हाई," म्हणाली. "चौपाटीवर उभारून भेळ खाल्ली. म्हणजे खाताना काच वर केली, पण अंधार पडला होता."

अमरसिंहला तिनं मनातून धन्यवाद दिले. नवऱ्याला तिचं दुःख कळलं, असं तिला वाटलं.

मग हळूहळू काही गोष्टी तिच्या ध्यानात यायला लागल्या. ती जिना उतरायच्या आधीच तो म्हणायचा, "काच खाली घे." परत आल्यावर स्कूटर लावून तो आधी वर जायचा आणि ती हेल्मेट काढेपर्यंत गॅलरीत गेलेला असायचा. जेवायला तो टीव्हीकडं तोंड करून बसायचा. तो तिला कधी वाईट बोलला नाही, त्यानं औषध कधी चुकवलं नाही, दवाखान्याची एकही खेप सोडली नाही. फक्त बघायचा नाही.

एका दुपारी दोघं दवाखान्यातून परत येत होते. सिग्नलला थांबले. आतून घामानं जीव गुदमरला म्हणून तिनं काच वर केली. स्कूटरच्या आरशात तिला स्वतःचं तोंड दिसलं आणि त्याच आरशात अमरसिंहचे डोळे. अर्ध्या क्षणापुरते. मग त्याचा हात वर आला आणि त्यानं आरसा बाहेरच्या बाजूला फिरवला. आता त्यात फक्त शेजारच्या रिक्षाचं चाक दिसत होतं.

"काच खाली घे," तो म्हणाला. "धूळ हाय."

तिनं घेतली. हेल्मेट कुणासाठी आणलंय, हे तिला त्या सिग्नलला कळलं.

घरी आल्यावर तिनं हेल्मेट काढलं नाही. स्वयंपाकघरात उभी राहून ते घालूनच भाकरी थापायला लागली. आक्का बघतच राहिली.

"आगं, हे काय? डोकं फिरलं का तुझं? काढ ते."

"त्यांना बरं वाटतं, आक्का."

आक्काला समजायला वेळ लागला नाही. ती गॅलरीत गेली. त्यानंतरचं सगळं आम्ही आमच्या घरात बसून ऐकलं, कारण आक्काचा आवाज.

"अमऱ्या, बैलाच्या डोळ्याला झापड बांधत्यात, गाडीच्या न्हवं! तुला बघवत न्हाई तर तुझ्या डोळ्याला बांध की. तिचं तोंड का झाकायलाईस?"

त्यानं तोंड रस्त्याकडं फिरवलं असावं.

"माझ्याकडं बघ. आरं, ती तिथं कशी गेली ते मी बघितलंय. माझ्या मांडीवर पोर होती, डोळं फुटलं नव्हतं माझं."

पुढचं मला स्वप्नालीनं सांगितलं, पण ते फार नंतर.

तिनं हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं आणि ती गॅलरीत गेली. आक्का अनुजाला घेऊन खाली उतरली होती.

"तो व्हिडिओ काढून टाकलासा का?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

"द्या बघू."

"नको, स्वप्ना."

"द्या."

मोबाइल बिघडलेला नव्हताच. तिनं गॅलरीतल्या खुर्चीवर बसून व्हिडिओ लावला. वाफ. काहिलीभोवतीची माणसं. वाफ्याच्या काठावर पदर खोचून हसत उभी असलेली एक बाई, जिला ओळखायला तिला क्षणभर लागला. मग त्या बाईचा आवाज, "बास की आता, लई गरम लागतंय."

आणि मोबाइलच्या अगदी जवळून त्याचा आवाज, "एकच मिनिट. अजून जरा पुढं हो. वाफेत ये."

ती पुढं आली. "आता?" म्हणाली.

"अजून जरा."

तिनं तिथंच थांबवलं. त्याच्या पुढचं बघायची गरज नव्हती. तिला खरं आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. "माझी मीच गेलते," हे तिनं हवालदाराला सांगितलं, भावाला सांगितलं, शाळेत सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं होतं. तिनं त्याला वाचवलं होतं हेच ती विसरली होती. त्याला मात्र ते रोज आठवत होतं.

"मी रोज बघतो ते," तो म्हणाला. "दुकानात, दुपारच्याला."

"हे बघता रोज. आणि माझ्याकडं बघवत न्हाई."

"तुझ्याकडं बघितलं की मला माझा आवाज ऐकू येतोय."

"मग मी काय करू?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तोंड माझं गेलंय. दुखतंय मला. शाळा माझी गेली. आणि तुम्हाला त्रास हुतोय म्हणून काच मी खाली घ्यायची?"

त्यानं तिच्यापुढं हात जोडले. तरी वर बघितलं नाही. खाली बघत हात जोडून उभा राहिलेला नवरा बघून तिला दवाखान्याच्या दारात उभा असलेला मामा आठवला, आणि ती मोबाइल त्याच्या हातात देऊन आत गेली. तिनं त्याला माफ केलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली.

दिवाळीनंतर अमरसिंह चाकणला गेला. कुठल्याशा कारखान्याच्या गोदामात काम मिळालं. गल्लीत सांगितलं की इथल्यापेक्षा चांगली नोकरी आहे. आक्का पोराला निरोप द्यायला जिना उतरली नाही.

घरात आता तीन बायका. आक्काच्या हातची कांदा-लसूण चटणी पूर्वीपासून नावाजलेली. ती चटणी करायला लागली, आणि स्वप्नाली स्कूटरवरून घरोघरी पोचवायला लागली. हेल्मेट तेच, काळी काच तीच. आता ती नवऱ्यासाठी नव्हती. गिऱ्हाइकाच्या दारात पाऊल टाकायला तिला स्वतःलाच ती काच लागायला लागली होती. लोक तिला हेल्मेटवाल्या ताई म्हणायचे. काही घरांत ती वर्षभर जात होती आणि त्या घरांनी तिचं तोंड कधी बघितलं नव्हतं. "पाणी घ्या की ताई," म्हटलं की ती "गडबडीत हाय" म्हणून जिना उतरायची.

चटणीची मागणी जास्त करून संध्याकाळी. आणि काळ्या काचेतून दिवस मावळला की काही दिसत नाही. समोरून गाडीचा दिवा आला की सगळं काळंपांढरं व्हायचं. म्हणून अंधार पडायला लागला की ती काच वर करायची. वारा, धूळ, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागं उडणारा पाचोळा, सगळं थेट तोंडावर. डावा डोळा मिटता यायचा. उजव्याची फट उघडीच राहायची.

डोळा आधी लाल झाला, मग चिकट. चटणीचा तिखट हात लागला असेल म्हणून तिनं दूध घातलं, गुलाबपाणी घातलं. एका सकाळी उठून डावा डोळा झाकला तर उजव्यातून खिडकी दिसेना, नुसता उजेड दिसला. आक्कानं तिला उजेडाकडं तोंड करून बसवलं आणि पापणी वर करून बघितलं. बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं.

डॉक्टर रागावले. "हा डोळा मिटत नाही हे तुम्हाला माहीत होतं. गाडीवर जाताना काच बंद ठेवायला काय झालं?"

"काळी हाय, डॉक्टर. रातीचं दिसत न्हाई."

"मग पारदर्शक लावा. काळी लावायला कुणी सांगितली होती?"

आक्का शेजारीच बसली होती. तिनं औषधाची चिठ्ठी उचलली आणि सुनेला हाताला धरून उठवलं.

परत येताना दोघी हेल्मेटच्या दुकानात थांबल्या. दुकानदारानं काळी काच उचकटून काढली आणि पांढरी हातात घेतली. तरुण माणूस होता. तिच्याकडं बघितलं आणि चटकन काचेकडं बघायला लागला.

"ताई, काळी नवीन बसवू का? हीच बरी दिसंल तुम्हाला."

"पांढरी बसवा."

"न्हाई म्हणजे, पांढरीतनं सगळंच दिसतंय हो."

"व्हय," ती म्हणाली. "मला दिसायला पाहिजेलच हाय."

त्यानंतर काही घरांनी चटणी घेणं बंद केलं. कारण कुणी सांगितलं नाही; "सध्या शिल्लक हाय" एवढंच. एका घरातली म्हातारी मात्र दारात तिच्या तोंडाकडं बघून "कशानं भाजलं गं पोरी?" म्हणाली, आणि तिला आत बसवून सगळं ऐकून घेतलं. तिथं तिनं पहिल्यांदा खरं सांगितलं. "नवऱ्यानं पुढं हो म्हटलं, म्हणून गेलते." म्हातारीनं चहा ठेवला.

अमरसिंहचा फोन रविवारी यायचा. आवाजाचा. अनुजा आता मोठी झाली होती, ती हट्ट करायची, "बाबा, व्हिडिओ लावा की." तो म्हणायचा, इथं नेट नाही. एकदा स्वप्नालीनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, "पोरीला तरी बघा. मी दुसऱ्या खोलीत जाते." तेव्हापासून दर रविवारी अनुजा बाबांशी व्हिडिओवर बोलायची आणि तिची आई स्वयंपाकघरात भांडी आवरायची. भांडी नसली तरी.

यंदा फेब्रुवारीत मिरजेच्या एका दवाखान्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पापणीही थोडी सैल करून दिली. नजर कितपत येईल हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं: माणूस आहे एवढं कळेल, कोण आहे ते कळणार नाही. अनुजा आमच्याकडं राहिली. आक्का सोबतीला गेली, डबे, चादरी, देवीचा अंगारा सगळं घेऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का चहा आणायला खाली गेली होती. स्वप्नाली डाव्या कुशीवर, दाराकडं तोंड करून पडली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा मिटलेला. झोप नव्हती. दारात कुणीतरी आलं. चपला बाहेर काढल्या. मग तो खोकला, घसा साफ करण्यासारखा, जो तिनं लग्न झाल्यापासून रोज सकाळी ऐकला होता.

तो पलंगापाशी आला. स्टूल सरकवलं नाही, खालीच बसला असावा, कारण त्याचा श्वास तिच्या तोंडाच्या उंचीवर आला. त्याला वाटलं ती झोपली आहे. तिला कळलं, तो बघतोय.

किती वेळ ते तिला सांगता आलं नाही. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं, एक गाडा खडखडत गेला, पंखा फिरत होता. तो बघत होता. गाल, मान, कानाची उरलेली पाळी. एकदा त्याचा हात जवळ आला, तिला त्याची ऊब लागली, पण त्यानं स्पर्श केला नाही. डावा डोळा उघडावा असं तिच्या फार मनात आलं. दोन वर्षांत ह्या माणसानं तिच्याकडं बघितलं नव्हतं, आणि आता तो एका हाताच्या अंतरावर बसून बघत होता. पण डोळा उघडला असता तर तो उठून गेला असता. हे तिला पक्कं माहीत होतं.

म्हणून तिनं तो मिटूनच ठेवला.

मग त्याचे गुडघे कडकडले, तो उठला आणि चपला घालून गेला.

आक्का चहा घेऊन आली. कप ठेवला, स्टूल ओढून बसली, सुनेच्या तोंडाकडं बघितलं.

"आलता न्हवं? खाली गेटात बघितला. मला बघून तोंड फिरवलंन."

"आलते."

"मग? काय बोलला?"

"काय न्हाई," स्वप्नाली म्हणाली. "बसले होते."

आक्कानं चहा बशीत ओतला आणि तो गार होईपर्यंत फुंकत राहिली.